न थांबणारा नगारा

एका राज्यात नगारा अष्टौप्रहर वाजे. तो थांबला की राज्य बुडेल, असे मांत्रिक अघोरभट सांगे. आणि शहाणी माणसे माना डोलावत.

तिथली राणी सुवर्चा चाळिशीची, न्यायाला चोख. पण नगाऱ्याचा ठोका तिच्या डोक्यात घणासारखा बसे, जरीचे वस्त्र कुसळांसारखे टोचे, धुपाने जीव घुसमटे. दोनदा ती कान झाकून भर दरबारातून उठली होती. तिसऱ्यांदा उठली तर रवानगी थेट बुरुजात, असा अघोरभटाचा दंडक. तिथे तिचे वडील, राजा धुंधुमार, वेडे ठरून तीस वर्षे कोंडलेले होते. बिचारी रोज त्या बुरुजाकडे पाही आणि भिई.

अघोरभट म्हणाला, "तीन दिव्ये करा, राणीसाहेब. खोड जाईल."

पहिल्या दिवशी ती जरीत वावरली. अंग सोलवटून निघाले. दुसऱ्या दिवशी धुपात बसली, शुद्ध हरपली. खोड काही गेली नाही. तिसऱ्या दिवशी नगाऱ्याशेजारी बसायला ती नगारखान्यात गेली. नगारची सोनजीच्या हातांना टिपऱ्या चिकटलेल्या होत्या. तीस वर्षांत त्या सुटल्या नव्हत्या.

नगाऱ्याच्या काठावरची साळुंकी बोलली, "राणी, दरबारचा गलबला सोसेना म्हणून तुझा बाप एकटाच रडे. ते रडणे प्रजेने ऐकू नये, म्हणून अघोरभटाने हा नगारा मंतरला."

"उतारा?"

"सोसत नाही, एवढे भर दरबारात सांगायचे. तुझ्या बापाला लाज वाटली."

राणीने बुरुजाकडे एकदा पाहिले. तरी ती दरबारात गेली, बसली आणि तिसऱ्यांदा उठली.

"उठू नका, राणीसाहेब!" म्हातारा प्रधान कळवळला.

"मला हा आवाज सोसत नाही," राणी म्हणाली. "मी वेडी नाही. माझे वडीलही नव्हते."

"बेड्या आणा!" अघोरभट गरजला.

कुणी हलले नाही. प्रधान खाली मान घालून म्हणाला, "सोसत तर मलाही नाही."

तोच सोनजीच्या हातून टिपऱ्या गळाल्या. नगारा थांबला. राज्य काही बुडाले नाही. अघोरभटाचा मात्र बेडूक झाला आणि तो तळ्याकडे उड्या मारत गेला. बुरुजाचे कुलूप आपोआप निखळले.

पुढे त्या राज्यात नगारा सूर्योदयाला एकदाच, तोही आधी सांगून वाजू लागला. राणीला जरीचे वस्त्र टोचायचे ते टोचतच राहिले. ती मऊ सुती लुगड्यात न्याय करी, आणि न्याय चोखच होई.

पण त्या दिवशी बुरुजातून धुंधुमार उतरले, ते कानांवर हात दाबूनच. लेकीने ते हात हळूच खाली घेतले.

"आबासाहेब," ती कुजबुजली, "थांबला."