निर्मोही लेकरू

“मग एकाचाही विश्वास का बसत नाही माझ्यावर?”

द्वारकानं पदरानं तोंड पुसलं आणि तेच पुन्हा सांगितलं. “मी पोरीला डागलं नाही. तव्यावर हात तिचा तिनं ठेवला. दोन दिवस रडली नाही, बोलली नाही. मला कळायचं कसं?”

मठाच्या खोलीत गादीवर बसून गुरूमाय ऐकत होत्या.

मठ म्हणजे गावाबाहेर माळावर एक दगडी खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. वीस वर्षं गुरूमाय तिथं राहत होत्या. त्यांनी शब्द टाकला की बांधावरची भांडणंसुद्धा मिटायची. म्हणून तर पोलीस पाटील मांडीवर कागद घेऊन पडवीत बसला होता. तालुक्याच्या दवाखान्यातनं निरोप होता, पोरीला चटका कुणी दिला ते लिहून पाठवा. द्वारकाचा दीर भानुदास त्याच्या कानाशी लागला होता. वहिनीचं नाव घाला, पोरगी आमच्या ताब्यात द्या. द्वारकाचा नवरा वारलेला. तिच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नव्हतं. पाटील म्हणाला, गुरूमाय सांगतील ते लिहू.

आणि जिच्यापायी एवढं सगळं, ती चार वर्षांची तुळसा भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. दोन बोटं राहणार नाहीत, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

“डॉक्टरीण काय म्हणाली?” गुरूमायनी विचारलं.

“म्हणाली, एवढं पोर तव्याला लागलं तर गाव गोळा करतं. हिला तुम्ही धाकात ठेवलंय. खरं बोला, बाई.”

“आणि घरची?”

“जाऊ म्हणते, पोर म्हणजे काय वांगं आहे का गं, भाजलं तरी गप बसायला?”

पडवीत भानुदास फसकन हसला.

“दोन दिवस तू काय करत होतीस?”

“जे रोज करते ते. सरपण, धुणं, लोकाच्या रानात खुरपण. ही मूठ आवळून फ्रॉकच्या घोळात धरायची. डाव्या हातानं जेवायला लागली…” द्वारकाचा आवाज खाली आला. “त्या डाव्या हातावर मी चापट मारली. म्हटलं, वळण बिघडलं पोरीचं. तिसऱ्या दिवशी वास आला.”

गुरूमायनी हात पुढं केला. “ये गं इकडं.”

तुळसा उठली. आईकडं बघितलं नाही, लाजली नाही, बिचकली नाही. परक्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली, सांगितलेल्या कामाला बसावं तशी.

पट्टी बघायला गुरूमायनी तो हात उचलला. वय झालेलं, बोटं थरथरती. अंगठा नेमका जखमेवर दाबला गेला.

लेकरू ताठ झालं. डोळे भरून आले. आणि तिनं डावा हात उचलून आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरला.

आवाज नाही.

गुरूमायनी अंगठा झटकन काढला. तरी तो डावा हात तोंडावरनं निघेना.

“हे… असं करते ही?”

“करते. कुठं पडली, धडपडली की करते. मला वाटायचं शहाणी आहे.”

“कधीपासनं?”

आता द्वारकानं मान वर केली. माणूस देवाला भीत नाही एवढा गुरूला भितो; तीही इतकी वर्षं भ्यायली होती. पण ज्याचं काहीच उरलं नाही त्याला भय तरी कशाचं घालणार?

“तुम्ही सांगितल्यापासनं.”

“मी? मी काय सांगितलं?”

“श्रावणातलं प्रवचन होतं. ही चार महिन्यांची, माझ्या मांडीवर रडत होती. तुमचं बोलणं थांबलं. तुम्ही माझ्याकडं बोट केलं. म्हणालात, माया म्हणजे फास. रडणाऱ्याला उचललं की फास आवळतो, आईच्याही गळ्याला आणि लेकराच्याही. रडू द्या, आपोआप निवतं.”

गुरूमाय ऐकत होत्या.

“मी घरी गेले. पाळणा मागच्या खोलीत नेला. दार ओढून कडी घातली. दूध पाजायचं, धुवायचं, पुसायचं, पुन्हा कडी. पहिल्या दिवशी सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत रडली. माझं दूध गळून चोळी भिजली. मी दाराला पाठ लावून तुमचं नाव घेत बसले. नवरा म्हणाला, उघड. मी त्याला म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.”

“किती दिवस?”

“आठ. नवव्या दिवशी आत गेले तर डोळे उघडे. छताकडं बघत होती. मला वाटलं, जिंकलं.”

बाहेर पाटील खाकरला.

“मग मी तिला इथं घेऊन आले. सात महिन्यांची असेल. बायांनी मठ भरला होता. तुम्ही हिला मांडीवर घेतलंत आणि सगळ्यांच्या देखत दंडाला चिमटा काढलात. ही हूं नाही की चूं नाही. तुम्ही म्हणालात, बघा, निर्मोही लेकरू. मागच्या जन्मीचं पोचलेलं. बाया हिच्या पाया पडल्या. त्या आठवड्यात गावातले अजून चार पाळणे मागच्या खोलीत गेले. मला विचारून गेले. मी सांगितलं, दार लावा, गुरूमायचं नाव घ्या.”

मांडीवरलं पोर जसं बसलं होतं तसंच बसलं होतं.

गुरूमाय म्हणाल्या, “दार उघडायचं होतंस, द्वारके.”

“तुमचा शब्द मोडून?”

“मोडून.”

“गुरूचा शब्द मोडला की नरक, हे मला कुणी शिकवलं? आता बोला ना. मी हिला डागलं का?”

“नाही.”

“मग ते बाहेर सांगा. हात आपोआप भाजला, एवढंच सांगा. माझी पोर माझ्याकडं राहील. मी आता नाही कडी लावणार.”

गुरूमायनी तुळसाला उचलून द्वारकाच्या मांडीवर ठेवलं. ती तिथंही तशीच बसली. आईचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथंच थबकला. कुठं ठेवायचा ते त्याला ठाऊक नव्हतं.

“गुरूमाय,” पाटलानं बाहेरनं हाक मारली, “उन्हं कलली. माझी तालुक्याची एसटी चुकेल. कुणाचं नाव घालू?”

गुरूमाय भिंतीला धरून उठल्या आणि पडवीत आल्या. भानुदास उभा राहिला, टोपी सारखी केली.

“वहिनीचंच ना?” तो म्हणाला.

“तिचं नाही.”

“मग आपोआप भाजलं असं लिहू?” पाटलानं विचारलं.

“आपोआपही नाही.”

“अहो, मग कुणाचं?”

“या मठाच्या गादीवर बसते तिचं.”

पाटील हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू गिळलं. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

“नुसतं ‘गुरूमाय’ असं कसं लिहू?” तो हळूच म्हणाला. “सरकारी कागद आहे. आईबापानं ठेवलेलं नाव लागतं.”

आत द्वारका कान देऊन बसली होती. गुरूमायचं ते नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“लिही,” गुरूमाय म्हणाल्या. “केराबाई.”