जुळ्या टर्बोंची हवा

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या माघात, उसाच्या एका ट्रकमध्ये इंजिनाला हवा पुरवणारे दोन जुळे टर्बो होते. हवा यायची नळी एकच. नळीच्या तोंडाशी बसलेला थोरला धाकट्याच्या वाट्याचीही हवा ओढी.

“दादा, उद्या देतो म्हणून रोज माझी हवा नेतोस.”

“फिरताना शिट्टी कुणाची ऐकू येते? गाडी मीच ओढतो.”

एकदा घाट चढताना एकट्या थोरल्याची हवा पुरेना; इंजिनाला धाप लागली, काळा धूर निघाला आणि भरलेला ट्रक दरीकडे मागे सरकू लागला. थोरला घाबरला.

“घे बाबा, तू ओढ,” म्हणत त्याने आपला वेग आवरला. धाकटा भरभर फिरू लागला. दोघांचा सूर जुळला, धूर विरला, ट्रक डौलात चढू लागला.

“पोट भरलं का रे?”

“कालची बाकी आहे, दादा.”

थोरला हसला आणि घाटमाथा यायच्या आत त्याने तीही फेडली.