न्हाणीमागची जाई

कान्होबुवा महाराज तेव्हा शिरसवाडीत, गोपाळकृष्णाच्या देवळाच्या ओवरीत मुक्कामाला होते. त्याच गावात येसाबाई नावाची एकटी बाई राहायची. तिला ना शेत, ना विहीर. नदीवरून घागर आणायची, न्हाणीत अंग धुवायची. तेच पाणी मागच्या दाराच्या जाईला जायचं. त्या जाईची माळ रोज संध्याकाळी देवाला. एवढीच तिची सेवा!

उत्सवाच्या दिवशी आबासाहेब इनामदारांनी तिला देवळाच्या पायरीवर अडवलं. त्यांच्या बागेला दोन-दोन मोटा आणि फाटकाला हे एवढं कुलूप.

"न्हाणीच्या पाण्यावरची फुलं देवाच्या गळ्यात? शी! आजपासून माळ माझ्या बागेतली. तू ती फुलं शेळीला घाल."

येसाबाई रडत ओवरीत आली. "बुवा, देवाला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे हो?"

महाराज म्हणाले, "येसाई, रडायचं ते मग रड. मला आंघोळ करायचीय. चल, तुझ्याच न्हाणीत."

घरात पाणी एकच घागर. महाराज नाम घेत तांब्यावर तांब्या ओतत राहिले, आणि घागर आपली काठोकाठ! पाणी खळखळत जाईच्या आळ्यात शिरलं. दिवस कलला तशी वेल अशी फुलली, की खाली बांधलेली शेळी दिसेना. नुसतं बें बें ऐकू यायचं.

तिकडे इनामदारांच्या बागेत एक कळी उमलेल तर शपथ! माळ्यांनी फुंकर घातली, हात जोडले. कळ्या मुठी आवळून बसलेल्या. पालखीची वेळ झाली आणि देवाचा गळा मोकळाच. इनामदार धापा टाकत ओवरीत आले.

"महाराज, माझ्या बागेत काय कमी आहे?"

"पाणी तर लोटतंय, आबा. पण कुलपाच्या आत कळीनं उमलायचं कुणासाठी? येसाई आपल्या घागरीतलं देते आणि फुललेलं सगळं देवाला देऊन टाकते. जा, तिच्याकडे फुलं माग."

जाईचा मांडव येसाबाईच्या बेताचा, बुटका. ताठ मानेनं आत शिरायची सोयच नव्हती. इनामदार वाकले, आणखी वाकले.

"आबासाहेब, डोकं सांभाळा," येसाबाई आतून म्हणाली. "परडी आणलीत, की माझी देऊ?"

इनामदारांनी तिथल्या ओल्या मातीवर कपाळ टेकलं.

त्या संध्याकाळी माळ येसाबाईनंच वाहिली. मागून परडी धरून इनामदार चालले होते, उघड्या डोक्यानं. पागोटं मांडवात अडकलं होतं, ते सुटेचना. आणि सांगतात, दुसऱ्या दिवशी त्यालाही कळ्या आल्या!