बयच्या ओट्यावरची पस्तीस मिनिटे

दुपारी बाराची गाडी सुटली की आमच्या स्टेशनातले हमाल ओझे उचलत नाहीत. तुम्ही आत्ताच उतरलात, तीन बॅगा पायाशी ठेवून दोन-तीन हाका मारल्यात आणि लाल सदऱ्यातल्या एकानेही मान वळवली नाही, म्हणून तुम्हाला राग आला आहे. येऊ द्या. इथे या वेळी उतरणाऱ्या प्रत्येकाला तो येतो. ते पाहा, फलाटाच्या टोकाला काळ्या दगडाचा ओटा आहे, त्यावर सगळे ओळीने बसले आहेत. अजून पस्तीस मिनिटे बसतील. डबा उघडणार नाहीत, तंबाखू मळणार नाहीत, एकमेकांशी बोलणारही नाहीत. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा उठेल, त्या दगडाशी दोन शब्द बोलेल, आणि त्यानंतर तुमच्या बॅगा उचलल्या जातील. तोवर बसा. इथला चहा बरा नसतो, पण गरम असतो.

हा प्रकार बंद करण्यासाठी माझ्या रेल्वेतल्या नोकरीच्या काळात तीन परिपत्रके निघाली. तिन्हींचा मसुदा मीच केला होता, त्यामुळे ती किती निरुपयोगी होती हे मी खात्रीने सांगू शकतो.

हमालांचे म्हणणे असे की डोक्यावर ओझे चढले की डोक्यातला निरोप उतरतो. हे म्हणणे आले कुठून, त्याची एक हकिकत इथे सांगतात. खरी-खोटी मला विचारू नका. मी सांगतात तशी सांगतो.

प्लेगाच्या आधी या शहरात दोन आगगाडी कंपन्या होत्या. त्यांची खरी नावे लांबलचक आणि इंग्रजी होती. लोकांनी त्यांना थोरली आणि धाकटी करून टाकले. थोरली आधी आली, तिचे रूळ रुंद. धाकटी बारा वर्षांनी दक्षिणेकडून आली, तिचे रूळ अरुंद. पुढचे सगळे सवतींच्या संसारासारखे झाले. थोरलीने आपल्या स्टेशनात पाऊल ठेवू दिले नाही म्हणून धाकटीने समोरच दुसरे स्टेशन बांधले. थोरलीने मनोरा उभारला, तर धाकटीने त्याहून हातभर उंच उभारला. दोन्ही दारांत चौऱ्याऐंशी पावलांचे अंतर होते आणि ती जागा कोणत्याच कंपनीची नव्हती, म्हणून तिच्यावरचा चिखलही कोणाचा नव्हता. बांधकामातून उरलेला हा काळा दगड त्या चिखलात मधोमध पडलेला होता.

दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळे होती. थोरलीची मुख्य कचेरी पार पूर्वेच्या बंदरात, म्हणून तिचे घड्याळ तिकडच्या सूर्याने चाले. धाकटीचे आमच्या गावच्या सूर्याने. दोहोंत पस्तीस मिनिटांचा फरक. थोरलीचे बारा म्हणजे धाकटीचे अकरा पंचवीस. नगरपालिका तोफ उडवी ती तिसऱ्याच वेळी, पण तिला कोणी जमेस धरत नसे. शहरातल्या माणसाला हा फरक तोंडपाठ होता. बाहेरच्याला तो सांगावा असे कोणाला वाटले नाही. घड्याळे तर चांगली दिसत होती आणि दोन्ही चालू होती.

धाकटीच्या वाटेवर तीस मैलांवर काळखडे नावाचे गाव होते. तिथे भिवरा नावाची पाथरवटीण राहत असे. दोन्ही स्टेशनांचा दगड तिच्या नवऱ्याने घडवला होता, आणि धाकटीसाठी डोंगर फोडताना सुरुंगात तो गेला. मागे राहिला एकुलता मुलगा, म्हसू. तो विशीत आला तेव्हा समुद्रापलीकडे कुठे नवी आगगाडी होत होती तिचे मुकादम आले आणि पाथरवट निवडू लागले. म्हसूने अंगठा दिला. घरी येऊन सांगितले तेव्हा भिवरा भाकरी थापत होती, असे म्हणतात. ती न वळता म्हणाली, "बाप खाल्ला कंपनीनं. आता तू जा. गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

म्हसू तसाच उठून गेला. भाकरी तव्यावर करपली.

शपथ घालणे सोपे असते. घातलेली शपथ सोडवावी लागते, आणि तीही जिने घातली तिनेच समोर उभे राहून. नाहीतर ती माणसाच्या अंगावर राहते, मग तो कितीही समुद्र ओलांडो. भिवराला चार दिवस झोप लागली नाही. पाचव्या दिवशी कळले की टोळी दुसऱ्या दिवशी बाराच्या थोरलीने बंदराकडे निघणार. ती काळखड्याच्या स्टेशनमास्तरांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून वेळापत्रक पाहिले आणि म्हणाले, "आपली गाडी साडेअकराला पोचते. थोरली बाराला सुटते. मध्ये चालायला पाच मिनिटं. आरामात भेट होईल बाई, जेवण घालशील त्याला."

वेळापत्रकात दोन्ही आकडे बरोबर होते. हे मी पुन्हा सांगतो, कारण या हकिकतीत चूक कोणाचीच नाही.

शेवटचा मैलभर दोन्ही रूळ शेजारून जात. भिवरा खिडकीशी बसली होती, मांडीवर भाकरीचे गाठोडे. समोरून थोरलीची गाडी आली आणि धडधडत गेली. भिवरा शेजारणीला म्हणाली म्हणे, "बया, केवढी लांब गाडी! सरता सरंना." आणि डबे मोजत राहिली.

ती चौऱ्याऐंशी पावले ओलांडून थोरलीच्या फलाटावर आली तेव्हा तिथे कोणी नव्हते. पोचवायला आलेले घरी गेले होते, हमाल जेवायला. थोरलीच्या मास्तरांना विचारले. ते म्हणाले, "गाडी वेळेवर सुटली." ती धाकटीच्या मास्तरांकडे परत गेली. ते म्हणाले, "आमची गाडी वेळेवर आली. त्यांच्या गाडीची चौकशी इथं होत नाही." दोघेही सज्जन होते. दोघांनाही पुढे बढती मिळाली.

भिवरा त्या काळ्या दगडावर येऊन बसली. तासाभराने केरबा हमाल जेवून, तोंड पुसत आला. केरबा म्हणजे या स्टेशनातले नावाजलेले डोके. तीस उतारूंच्या तीस ट्रंका एकदम सांगितल्या तरी कोणती कोणाची हे तो विसरत नसे. बाईला रडताना पाहून त्याने विचारले, "कोण गेलं, मावशी?"

"लेक. म्हसू. उजव्या गालाला भाजल्याचा डाग हाय."

"डागवाला? अगं, तो शेवटपर्यंत दारात उभा होता की! धा जणांना वेळ विचारत होता. गाडी हलली तसा मला जवळ वढलं आन् कानात बोलला. माझी माय येईल, तिला एवढं सांग म्हणाला."

भिवरा उभी राहिली. "काय सांग म्हणाला?"

केरबाने तोंड उघडले.

"थांब हां," तो म्हणाला. "आत्ता होतं."

त्याने डोळे मिटले, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली, पुन्हा ठेवली. गाडी सुटल्यावर त्याने कापसाच्या दोन गाठी आणि एका वकिलाचे कपाट वाहून नेले होते, मग भाकरी खाल्ली होती. कपाट कोणत्या घरी गेले, जिने किती होते, सगळे आठवत होते. म्हसूचे ओठ हललेले आठवत होते. शब्द आठवत नव्हते.

"दोनच शब्द होते गं," केरबा म्हणाला. "लई न्हवते."

"आठव," भिवरा म्हणाली. "तुला आठवंस्तवर मी हितनं उठायची न्हाई."

आणि ती बसली. अकरा वर्षे उठली नाही असे सांगतात. या बाबतीत आपण फार खोलात जाऊ नये. हमाल भाकरी आणून देत. ती लोकांच्या पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देई आणि त्यावर आपले भागवी. दिवसभर टाकीचा टकटक आवाज चाले. फक्त बाराची गाडी सुटली की तो थांबे. केरबा तिच्याजवळ येऊन बसे. "आठवलं?" "न्हाई." एवढेच बोलणे.

हळूहळू जाणारी माणसे तिच्याजवळ निरोप ठेवू लागली. धाकटीने येणारे पस्तीस मिनिटांच्या फरकाने चुकत ते चुकतच, पण आता त्यांना रिकामा फलाट दिसत नसे. दगडावर बसलेली बाई हाक मारी, "कुणाचा तू? तुझा भाऊ म्हणाला, बैल विकू नको." कोणाचाही शब्द तिने इकडचा तिकडे होऊ दिला नाही. सगळ्या शहराचे निरोप तिच्यापाशी होते. तिचा तेवढा नव्हता.

दुसऱ्या वर्षी केरबाला राहवेना. तो चार दिवस घोकून आला आणि म्हणाला, "मावशी, आठवलं! म्हणाला, 'आई, मी रागावलो नाही.'"

भिवराने टाकी खाली ठेवली. "केरबा, माझं पोर मला बय म्हणायचं. जल्मात कधी आई म्हणालं न्हाई."

त्यानंतर केरबाने खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही. ज्या बाईला हमाल मावशी म्हणत होते तिला त्या दिवसापासून बय म्हणू लागले.

तिसऱ्या वर्षी त्या टोळीतले दोघे परत आले, तेही निम्म्या वजनाचे. त्यांनी सांगितले की म्हसू पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला. भिवराने विचारले, शेवटी काय म्हणाला? ते म्हणाले, काही नाही. वाटभर, बोटीवर आणि तापातही एकच म्हणत होता, मी निरोप ठेवलाय, बयला मिळाला असंल. काय निरोप, असे त्यांनीही विचारले होते. तो हसून म्हणायचा, ते तिला म्हाईत.

म्हणजे म्हसू निर्धास्त गेला. लोक म्हणतात, यात तरी समाधान मानायचे. भिवराने काही मानले नाही. तिने शपथेबद्दल पुन्हा कोणापाशी शब्द काढला नाही. सोडवायची कोणासमोर? फक्त केरबाला म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाला इचारायचं ऱ्हायलं न्हाई. तूच हायेस."

आठवावे म्हणून केरबाने करायचे ते सगळे केले असे सांगतात. उपास केले, देवऋषी पाहिले, कानात तेल घातले. ते कपाट त्याच जिन्याने पुन्हा खाली आणून पुन्हा वर नेले. वकील भला होता, त्याने नेऊ दिले. जिन्याच्या सातव्या पायरीवर काहीतरी ओठांवर आल्यासारखे झाले म्हणे. आठव्या पायरीवर गेले.

अकराव्या वर्षी एका दुपारी, बाराची गाडी सुटताना, टाकीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. केरबा येऊन बसला, त्याने "न्हाई" म्हटले, आणि मग त्याच्या ध्यानात आले की आज कोणी विचारलेच नव्हते.

इथे चमत्कार सांगतात. त्या क्षणी थोरलीचे घड्याळ बारावर बंद पडले. पस्तीस मिनिटांनी धाकटीचेही बारावर बंद पडले. कारागिराने दोन्ही उघडून पाहिली, आत काहीच बिघडले नव्हते. दोन्ही कंपन्यांनी तेलाच्या दर्जाबद्दल एकमेकींना पत्रे लिहिली. म्हणजे या शहरात दोन्ही घड्याळांत एकच वेळ झाली ती एकदाच, आणि त्यासाठी दोन्हींना बंद पडावे लागले.

पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. काही वर्षांनी सगळ्या देशाची वेळ एक झाली; तारेने एक हुकूम आला आणि पस्तीस मिनिटे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नाहीशी झाली. इतके सोपे होते ते. मग सरकारने कंपन्या घेतल्या, थोरली-धाकटी एका छपराखाली आल्या, धाकटीचे स्टेशन पाडून मधल्या जागेसकट हा फलाट केला. दगड हलवायचे ठरले होते. हमाल त्यावर बसले आणि उठले नाहीत, म्हणून शेवटी त्याभोवती चुना लावून त्याला ओटा म्हटले.

केरबा बयच्या मागे नऊ वर्षे जगला. रोज बारानंतर ओझे उचलत नसे. आठवणीवर पुन्हा काही पडू नये म्हणून. तो एकटाच बसतो हे बरे दिसेना, म्हणून बाकीचे त्याच्याजवळ बसू लागले. मरताना त्याने हमालांना जवळ बोलावले. सगळे वाकले, आता सांगणार म्हणून. तो म्हणाला, "माझ्याच्यानं झालं न्हाई. तुमी बघा."

आता यात बघण्यासारखे काय उरले? जो बोलला तो परमुलखात पुरला गेला. जिला ऐकायचे होते ती गेली. ज्याच्या कानात शब्द पडले होते तोही गेला. तो निरोप आता जगात कोणालाच आठवणे शक्य नाही. हे मी एकदा या हमालांच्या म्होरक्याला समजावून सांगितले होते, मुद्देसूद, तीन परिपत्रके लिहिलेल्या माणसाला शोभेल असे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बयला तसं सांगायचं का, साहेब? तुम्ही सांगता?"

चौथ्या परिपत्रकाचा मसुदा मी केला नाही.

बारा पस्तीस होत आले. बॅगा तयार ठेवा. तो पाहा, म्हातारा उठला. आजही, एकशेवीसहून अधिक वर्षांनी, तो रोज जे करतो तेच करील. डोक्यावरचे फडके काढील, वाकून दगडावर हात ठेवील आणि म्हणेल, "बय, अजून न्हाई आठवलं."

मग ते फडके गुंडाळून डोक्यावर ठेवील आणि तुमच्याकडे वळून विचारील, कुठे जायचे आहे.