फाइलीतला कोरडा घाट

“फाइल खोटं कशी बोलेल, बुवा?”

प्रज्योत लॅपटॉप उराशी धरून घाटाच्या पायरीवर उभा होता. फाइलीत ती पायरी कोरडी होती. त्याची पावलं मात्र पाण्यात.

वर डोंगरात रात्रभर पाऊस, इकडे सकाळचं ऊन.

अमृतबुवा हसले नाहीत. मठात यायच्या आधी त्यांचं सगळं आयुष्य प्रोग्राम लिहिण्यात गेलेलं. प्रज्योत सी भाषा त्यांच्यापाशीच शिकला. नदीचं पाणी मोजून दर मापाची एक ओळ फाइलीत लिहायचा प्रोग्राम त्यानंच केला होता. ती फाइल वाचून खालच्या वाडीत पुराचा भोंगा वाजायचा.

पाणी चढत होतं... भोंगा गप्प.

“मापं साठवायचा बफर केवढा ठेवलास?”

तो जरा ताठ झाला. चांगला मोठा ठेवलाय, म्हणाला. एकेका मापासाठी मशिनीला कशाला पळवायचं? पोटात साठू द्यायचं, भरलं की एकदम फाइलीत उतरवायचं. त्यानं वेग येतो.

“आला खरा,” बुवा म्हणाले. “नदीला.”

पोराचा चेहरा उतरला. मग बफर बंदच करतो, म्हणाला. अक्षर आलं की अक्षर फाइलीत.

“चारशे बारा लिहिताना भोंग्यानं नुसता चार वाचला तर?”

“मग धरून तरी किती वेळ ठेवायचं, बुवा? वाडीत माणसं आहेत.”

बुवा वाकले. ओंजळ भरून घेतली, सूर्याकडे तोंड केलं आणि अर्घ्याचा मंत्र म्हणू लागले. छोटासाच मंत्र. वरच्या पायऱ्या झाडत होतो, तो मी थांबलो. एवढी नदी फुगलेली, आणि त्या दोन हातांत पाणी कसं निजल्यासारखं...

शेवटचं अक्षर संपलं. त्याच क्षणी हात उघडले.

प्रज्योत बघतच राहिला. मग ओल्या पायरीवरच बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला. “ओळ पुरी झाली की सोडायची,” एवढंच पुटपुटत प्रोग्राम बदलला, आणि पुन्हा सुरू केला.

खालून भोंगा ऐकू आला. मागोमाग गुरांच्या घंटा, टेकडीकडे चढत जाणाऱ्या.

त्यानं बुवांचे पाय धरले. केवढं ज्ञान साठवून ठेवलंय तुम्ही आत, म्हणाला.

बुवांनी ओले तळहात त्याच्यापुढे धरले.

“बघ बरं, काही राहिलंय का?”