आलुबुखाराचे लग्न

एका राज्यात वर्षातले सहा महिने बर्फाची सत्ता चाले आणि उरलेले सहा महिने राजा हिमकेतूची. राजा शूर होता, उदार होता, पण जिभेला लगाम नव्हता. एके दिवशी डोंगरावरची मांत्रिकीण अमलिका आपल्या बागेतला आलुबुखार घेऊन दरबारात आली. राजाने एक चावा घेतला आणि भर दरबारात थुंकून टाकला.

"आंबट!" तो ओरडला.

अमलिकेने हातातली काठी आपटली. "आजपासून तुला सगळेच आंबट लागेल. तुझ्या परसात, तुझ्या घरच्या माणसाने लावलेल्या झाडाचा आलुबुखार खाशील, तेव्हाच जीभ सुटेल. रोप माझ्या बागेतून न्यावे. तीनदाच यावे, दर खेपेस एकच न्यावे."

एवढे बोलून ती धूर होऊन खिडकीवाटे निघून गेली.

तेव्हापासून राजाला दूध आंबट, मध आंबट, जिलेबी आंबट. विहिरीचे पाणीसुद्धा आंबट. राणी सुवेला स्वतः चुलीपाशी बसून खीर करी. राजा डोळे मिटून वाटी संपवी आणि म्हणे, "छान गोड झाली आहे." तेव्हा त्याचे नाक भुवयांना भिडलेले असे. रिकामी वाटी उचलताना राणी ते नाक पाहून घेई.

शेवटी तिने पदर खोचला आणि डोंगर चढली. राणीने जन्मात मेथीसुद्धा पेरली नव्हती. बागेच्या दारावर एक साळुंकी बसली होती. तिने विचारले, "राणी, झाडांतले काही कळते का?"

"सौंदर्य कळते," राणी म्हणाली आणि सगळ्यांत देखणे रोप उचलून चालू लागली.

त्या बागेतले रोप एका हिवाळ्यात वाढून झाड होत असे. राणीचे झाडही झाले. माघातच ते फुलांनी असे लगडले की भाटांनी त्यावर कवने रचली. कवने गाऊन होतात न होतात तोच दहिवर पडले, दव गोठून बर्फ झाले, आणि सगळी फुले एका पहाटेत काळी पडली. भाटांनी तीच कवने शोकगीताच्या चालीवर म्हटली.

दुसऱ्या खेपेस राणीने सौंदर्य सोडले आणि आकार धरला. एका रोपाला नारळाएवढी फळे येत. ते उबदार समुद्रकाठच्या मुलखातले होते, हे साळुंकी सांगणार होती. पण राणीने तिला बोलूच दिले नाही. पौषाच्या कडाक्यात त्या झाडाचे खोड उभे चिरले. आवाज तोफेसारखा झाला. सेनापती अंथरुणातून उठून तलवारीसह परसात धावला, पाठोपाठ सारे सैन्य धावले, आणि शत्रू म्हणून समोर एक मेलेले झाड सापडले.

त्याच दिवसांत शेजारचा राजा प्रचंडवर्मा याच्या मुलीचे बारसे झाले. हिमकेतूने पेढा तोंडात घातला आणि त्याचा चेहरा पिळलेल्या धोतरासारखा झाला. नेमका तेव्हाच तो पाळण्यात डोकावत होता.

प्रचंडवर्मा उठून उभा राहिला. "माझ्या लेकीकडे पाहून तोंड वाकडे केलेत! येत्या शरदात मी सैन्य घेऊन येईन. तिच्याकडे पाहून हसलात तर पाहुणा, नाहीतर वैरी."

राणी तिसऱ्यांदा डोंगर चढली, तेव्हा तिचा सगळा ताठा उतरला होता. ती साळुंकीसमोर खालीच बसली. "बाई, तूच सांग. कोणते नेऊ?"

"तुमच्याकडे शेवटचे दहिवर कधी पडते?"

राणी आठवू लागली. माघातल्या काळ्या फुलांनंतर ती रोज पहाटे परसात उभी राहिली होती. "चैत्र सरता सरता."

"मग त्यानंतर जागे होईल, असे रोप ने. आणि ते बर्फात जन्मलेले असू दे."

सगळ्यांच्या मागे एक खुजे रोप होते. वसंत आला तरी ते झोपलेलेच राही. बागेत सगळे त्याला आळशी म्हणत. राणीने ते छातीशी धरून आणले. फाल्गुन गेला, झाड ढिम्म. चैत्रात दहिवर पडले, झाडाने कूसही बदलली नाही. सेनापतीने ते मेल्याचे जाहीर केले. वैशाखात मात्र ते जागे झाले आणि पांढरेशुभ्र फुलले.

राणी आनंदाने टाळ्या पिटू लागली, इतक्यात साळुंकी उडत आली. "टाळ्या कसल्या वाजवतेस? हे झाड वधू आहे. एकटीला फळ धरायचे नाही. याच दिवसांत फुलणारा वर हवा, आणि पाकळ्या गळायच्या आत हवा."

"पण माझ्या तिन्ही खेपा संपल्या!"

"बागेतल्या संपल्या. रान कोणी बंद केले?"

राणी अनवाणीच रानातल्या घळीकडे धावली. तिथे एक रानटी आलुबुखार उभा होता. काटेरी, वाकडा, पण फुललेला.

"आमच्या घरी मुलगी आहे," राणी धापा टाकत म्हणाली.

"मी काटेरी आहे."

"आमच्याकडे कोणीच गुळगुळीत नाही."

"मी उशिरा उठतो."

"मुलगीही."

रानआलुबुखाराने फांद्या सावरल्या. मग त्याने चरचर आवाज करत एकेक मूळ मातीतून उपटले आणि तो राणीमागे चालू लागला. गावातून वरात निघाली. वाटेत त्याने प्रधानाची पगडी काट्यात अडकवून घेतली आणि ती परत दिली नाही. प्रधानाने ती मानपानात धरली. परसात वधूपासून चार हातांवर तो मुळे रोवून उभा राहिला. मधमाश्यांनी दिवसभर या घरचे त्या घरी नेले. संध्याकाळी पाकळ्या गळाल्या आणि देठांशी हिरवे मणी दिसले.

ते मणी वाढले, जांभळे झाले, त्यांवर निळसर धुरकट झाक चढली. पहिले फळ मऊ झाले त्याच सकाळी प्रचंडवर्मा सैन्यासह परसाच्या कुंपणाशी आला. कडेवर मुलगी होती.

राणीने फळ तोडून राजाच्या हाती दिले. राजाने चावा घेतला. रस दाढीवरून ओघळला. प्रधानाने डोळे झाकले, सेनापतीने तलवारीला हात घातला.

"गोड आहे," राजा म्हणाला.

हे शब्द राणीने फार वेळा ऐकले होते. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. नाक जागेवर होते. भुवया जागेवर होत्या. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते.

"खरेच गोड आहे, सुवेले," तो म्हणाला आणि इतक्या मोठ्याने हसला की कडेवरची मुलगीही खिदळू लागली. प्रचंडवर्म्याला आपला राग कुठे ठेवावा तेच कळेना. त्याने तो सोडून दिला आणि एक आलुबुखार घेतला. मग त्याच्या सैन्यानेही ढाली उताण्या करून फळे मागितली.

राजाने त्या दिवशी मोजदाद न करता फळे खाल्ली. रात्रभर त्याचे पोट दुखले, वैद्यांनी ओव्याचे पाणी दिले, आणि राणी उशाशी बसून तोंडाला पदर लावून हसत राहिली. त्या राज्यात बर्फ अजूनही पडते. पण वैशाखात दोन झाडे एकदमच जागी होतात, आणि त्या दिवशी राजवाड्यात कोणीच कोणाला लवकर उठवत नाही.