मिडसमरचा पहिला खांदा

स्वीडनच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ग्रोहोल्म नावाचे छोटे बेट आहे. जून सरत आला की मिडसमरच्या सणाला तिथल्या कुरणावर भूर्जाच्या पानांनी आणि रानफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात. पण खांब सजवून झाला की धडधाकट गावकरी त्याच्याभोवती नुसते उभे राहतात. कोणी हात लावत नाही. पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग म्हातारी सिग्ने गवतावर बसून सांगू लागते.

फार पूर्वी, म्हणे, एका वसंतात बेटावरचे सगळे पुरुष समुद्रात हेरिंग मासे धरायला गेले आणि वादळात बुडाले. मागे बायका आणि लेकरे उरली. मिडसमर आला. "यंदा खांब नको," काहीजणी म्हणाल्या. त्यांच्यातल्या गुनिल्लाला ते पटेना. तिचा नवरा दरवर्षी खांब उचलताना बुंध्याशी असे. यंदा खांब आडवा राहिला तर एकेक घर बेट सोडून जाईल, अशी तिला धास्ती होती. बायकांनी खांब सजवला, खांदे लावले. तीनदा उचलला, तीनदा कमरेपर्यंत येऊन खाली गेला.

समोरच्या किनाऱ्याशी बेटाचे वैर होते. गुनिल्लाच्या नवऱ्याने तिथल्या तूरे नावाच्या कोळ्याची जाळी कापली होती. तरी तिने होडी काढली. तूरे दारात जाळे विणत बसला होता.

"आमचा खांब उठत नाही," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं माझी जाळी कापली. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. सुऱ्याला धार मीच लावून दिली होती."

तूरेने जाळ्याची हातातली गाठ पुरी केली, असे सांगतात. मग त्याने जाळे बाजूला ठेवले. "खांब लांब किती आहे?" एवढेच विचारून तो होडीत बसला.

त्याने बुंध्याला खांदा दिला आणि खांब उठला. लेकरे नाचू लागली. वादळानंतर एकदाही न रडलेली गुनिल्ला खांबाच्या पानांत तोंड खुपसून रडली.

आजही पहिला खांदा बाहेरच्या माणसाचाच लागतो. एका वर्षी पावसाची झड लागली, बोट बंद झाली, एकही पाहुणा आला नाही. खांब तीन दिवस गवतावर पडून होता. फुले कोमेजली की बायका नवी बांधत. चौथ्या दिवशी बोट सुरू झाली आणि टपाल घेऊन पलीकडची एक बाई धक्क्यावर उतरली. ती पिशवी खाली ठेवेपर्यंतही गावाला धीर निघाला नाही; तिला तशीच खांबाकडे नेली.